ब्रिजखालची खूण

मात्सुमोतो, १४ ऑक्टोबर

फुमिए,

पत्राच्या सुरुवातीला हवापाण्याचं लिहायची रीत आहे, ती सोडून देतो. इथल्या डोंगरावर बर्फ पडलं काय आणि न पडलं काय, तुला त्याचं सोयरसुतक नसणार. आईच्या अंत्यविधीत तू माझ्याकडे पाठ करून बसलीस, त्याला एकोणीस वर्षं झाली. तेव्हापासून मी तुला एक ओळ लिहिली नाही आणि तू माझा फोन एकदाही उचलला नाहीस.

मिहोचा फोन आला होता. म्हणाली, "मामा, मी फोन केला हे आईला सांगू नका. डॉक्टर म्हणतात, बाबा नववर्षाचे तांदळाचे लाडू खातील की नाही, सांगता येत नाही." मग म्हणाली, "बाबा विचारत होते, तेत्सु अजून गिटारी दुरुस्त करतो का?" आता तिचा शब्द मी पहिल्याच पानावर मोडला. पोरीवर रागावू नकोस. तिचा मामा असाच आहे.

तर मासाहारुला सांग, करतो. अडुसष्ट पूर्ण झाली, चष्म्यावर चष्मा चढवावा लागतो, पण करतो.

आणि एक गंमत त्याला वाचून दाखव. गेल्या आठवड्यात फुरुहाता नावाचे गृहस्थ दुकानात आले. शहर-बस चालवतात. दहा डिसेंबरला वस्तीच्या सभागृहात त्यांच्या बँडचा कार्यक्रम आहे. काखेत एक जुनी बिननावाची गिटार आणि डब्यात नवा ब्रिज, तारा ज्यावर टेकतात ती धातूची पट्टी. जुना गंजला आहे, तारांचे टेकू झिजलेत, सूर टिकत नाही, म्हणून त्यांनी नवा मागवला, तर तो बसेना. मला म्हणाले, "सहा स्क्रू आहेत, आकाहाने-सान, आणि त्यातल्या चारांना भोकच सापडत नाही. माझ्या बसमध्ये असं झालं तर प्रवासी मलाच खाली उतरवतील."

मी जुना ब्रिज काढला. तो परदेशी मापाचा होता, रुंद. यांनी आणलेला इथल्या मापाचा, अरुंद. या टोकाच्या स्क्रूपासून त्या टोकाच्या स्क्रूपर्यंत साडेतीन मिलिमीटरचा फरक. पण नवा ब्रिज वर नुसता ठेवून पाहिला, तर त्याचे सहाही स्क्रू नेमके जुन्या, बुजवलेल्या भोकांवर येत होते. कुणीतरी आधी अरुंद भोकं पाडली होती, मग त्यांत बांबूच्या काड्या ठोकून ती बुजवली होती आणि पुन्हा रुंद पाडली होती.

आणि तिथे पेन्सिलीचा त्रिकोण होता.

तुला ठाऊक असेल, आपल्या गिटारींच्या कारखान्यात ब्रिजखालची जागा चिकटपट्टी लावून कोरी ठेवायचे. रंग वाळला की भोकं पाडायची आणि पाडणाऱ्याने त्या कोऱ्या लाकडावर आपली खूण करायची. ब्रिज बसला की खूण झाकली जायची. त्रिकोण मासाहारुचा. माझा गोल.

म्हणजे ही त्या चाळीसांतली एक. अडतीस वर्षांपूर्वी, शोवा साठच्या वसंतात परदेशी ऑर्डरच्या गिटारींच्या ज्या चाळीस धडांना इथल्या मापाची भोकं पडली, ज्यांच्यापायी मासाहारुची नोकरी गेली, ती. जाण्याआधी तीन दिवस बसून त्याने ती सगळी स्वतः बुजवली होती आणि कारखान्याने ती दुय्यम माल म्हणून विकली. त्यातली एक फिरत फिरत माझ्याच टेबलावर आली.

चूक कुणाच्या हातून होत नाही? त्याच्याही हातून झाली. पण काड्या कशा बसवल्यात म्हणून सांगू. नख लावलं तरी कड लागत नाही. एवढं त्याला सांग.

तेत्सुरो


मात्सुमोतो, २७ ऑक्टोबर

फुमिए,

तुझं कार्ड मिळालं. उत्तर येईल असं वाटलं नव्हतं.

तू लिहितेस, "वाचून दाखवलं. तो हसला. म्हणाला, 'म्हणजे भोकं बरोबरच पडली होती की. अडतीस वर्षं आधी पडली एवढंच.' आणि म्हणाला, बुजवताना लाकूड भरू नकोस म्हणावं, बांबूच भर. मला यात हसण्यासारखं काही दिसत नाही. त्या दिवशी ओगुची-सानसमोर तू त्याच्या बाजूने चार शब्द बोलला असतास, तर आमचा जन्म माशांच्या वड्या थापण्यात गेला नसता."

तुझं बरोबर आहे. त्या सकाळी विभागप्रमुख ओगुची-सानांनी सगळ्यांना रांगेत उभं केलं, एक धड उचलून दाखवलं आणि म्हणाले, "ज्याची खूण, त्याचं काम." मासाहारु पुढे झाला आणि कमरेत वाकला. मी दुसऱ्या रांगेत होतो. तोंडातून ब्र काढला नाही. माणूस सहा वर्षं आपल्याशेजारी उभा राहून काम करतो, आपल्या बहिणीचा नवरा असतो, त्याच्यासाठी 'एकदा माफ करा' एवढं म्हणायला काय लागतं? मी म्हटलं नाही. चुकलो, फुमिए. माफी मागतो. हे वाक्य लिहायला मला अडतीस वर्षं लागली आणि लिहून बरं वाटलं.

फुरुहाता-सान परवा डोकावून गेले. म्हणाले, "ब्रिज बदलायला दिलाय, समुद्रावर बांधायला नाही. अजून किती दिवस?" मी म्हटलं, लाकूड तपासतोय. तपासण्यासारखं काही नाही. आज बुजवून उद्या भोकं पाडता येतील. मी रोज सकाळी गिटार टेबलावर घेतो, तो त्रिकोण बघतो आणि परत पेटीत ठेवतो. त्रिकोणाखाली आणखी काहीतरी आहे असं वाटतं. लाकडाची रेघ असेल.

परवा उगीच आठवलं. स्टेशनजवळच्या त्या धुरकट जागेत आपण तिघं मांस भाजून खायला जायचो. मासाहारु चिमट्याने तुकडे उलटायचा आणि एकेक माझ्या ताटलीत टाकायचा. "हा झालाय, खा. हा नाही." तू एकदा म्हणालीस, "लग्न माझ्याशी केलंयस आणि ताट दादाचं वाढतोस?" तो म्हणाला, "तुझा दादा हावरा आहे. कच्चंच खाईल."

त्याला आठवतंय का, विचार. किंवा नको विचारूस. आठवत असणार.

तेत्सुरो


मात्सुमोतो, १२ नोव्हेंबर

फुमिए,

हे पत्र बसून नीट वाच. आधी एकटी वाच, मग त्याच्यासमोर मोठ्याने वाच.

ती लाकडाची रेघ नव्हती. मला ते पहिल्या दिवसापासून माहीत होतं. दिवा आडवा धरला की त्रिकोणाखाली गोल दिसतो. पेन्सिल खोडली तरी लाकडात तिचा चर राहतो. मी पेन्सिलीने नेहमी दाबून लिहितो.

त्या चाळीस धडांची भोकं मी पाडली.

लहानपणापासून तुझ्यापासून लपवलेली एक गोष्ट आहे. मला लाल आणि हिरवा वेगळे दिसत नाहीत. शाळेत ठिपक्यांच्या पुस्तकाची तपासणी व्हायची, त्यात मी पहिल्या वर्षी नापास झालो. आईने कुठूनतरी ते पुस्तक मिळवलं आणि कुठल्या पानावर कुठला आकडा, हे माझ्याकडून पाढ्यांसारखं घोकून घेतलं. पुढच्या वर्षी मी पास. आई म्हणाली, "फुमिएला कळू द्यायचं नाही. हे बायकांकडून पुढे जातं म्हणतात. कळलं तर तिला कोण करून घेईल?" मला नोकरीही त्या घोकलेल्या आकड्यांवर मिळाली.

भोकं पाडायचे दोन पोलादी साचे होते. परदेशी मापाचा हिरवा, इथल्या मापाचा लाल. मला दोन्ही मातकटच. मासाहारुला माझं कधी कळलं ते ठाऊक नाही, बहुतेक ते मांस खाताना कळलं असेल. तो कधी काही बोलला नाही. फक्त त्या दिवसापासून हिरवा साचा कायम डाव्या खुंटीला आणि लाल उजव्या खुंटीला असायचा. दुसऱ्या कुणी उलटा टांगला तर तो जाता जाता बदलून ठेवायचा. परदेशी ऑर्डर असली की मी डोळे मिटून डावा उचलायचो.

वसंतातल्या सुट्टीआधी कारखान्यात मोठी साफसफाई झाली. साचे पुसून कुणीतरी परत टांगले, पण उलट्या खुंट्यांना. दुसऱ्या सकाळी मासाहारु तुला घेऊन दवाखान्यात गेला होता, तुला सातवा महिना होता. मी डावा साचा उचलला. मागे माप कोरलेलं असतं, उलटून बघितलं असतं तरी कळलं असतं. मी उलटला नाही. तो परत येईपर्यंत मी चाळीस धडांना भोकं पाडून मोकळा झालो होतो, आणि प्रत्येकावर माझा गोल.

दुसऱ्या दिवशी सकाळी जोडणीवाल्यांनी ओरड केली. दुपारच्या सुट्टीत सगळे जेवायला गेले. मी अर्ध्यातून परत आलो, तर मासाहारु पाठमोरा बसला होता. मांडीवर खोडरबराचा चुरा. एकेक धड घ्यायचा, खोडायचा, त्रिकोण काढायचा. मी दारातून बघितलं. आत गेलो नाही. यंत्रातून कॉफीचे दोन डबे आणले आणि एक त्याला दिला. तो म्हणाला, "आज बरीच गोड आहे." मी म्हटलं, हो. बस, एवढंच झालं आमच्यात.

दुसऱ्या सकाळी तो वाकला, मी उभा राहिलो. जूनमध्ये मी भोकं पाडणाऱ्यांचा मुख्य झालो.

तुम्ही समुद्रकाठी नाओएत्सुला निघालात त्या दिवशी तू तिकिटांच्या खिडकीपाशी होतीस. फलाटावर तो मला म्हणाला, "तेत्सु, फुमिएला सांगू नकोस. निदान बाळंत होईपर्यंत. आमच्या आईला कळलं की हे तुमच्या घराण्यात आहे, तर ती फुमिएला सुखाने बाळंत होऊ द्यायची नाही." मग हसून म्हणाला, "आणि मांस नीट भाजून खात जा."

पुढे मिहो झाली. मुलगी झाली, मुलींत हे सहसा दिसत नाही. आता सांगायला काहीच हरकत नव्हती. पण मी त्याच्या वाक्यातला 'निदान' गाळला आणि 'सांगू नकोस' तेवढं धरून बसलो. म्हटलं, मी त्याचा शब्द पाळतोय. तू जेव्हा म्हणायचीस की दादा चार शब्द बोलला नाही, तेव्हा मला हायसं वाटायचं. माझ्यावर खोटा आळ होता तो, खऱ्यापेक्षा हलका. मागच्या पत्रात मी त्याच हलक्या आळाची माफी मागून बरं वाटून घेतलं.

त्याला वाचून दाखव. म्हणावं, तेत्सुने गोल ओळखला. आणि तू त्याला जे म्हणायचं ते म्हण. अजून वेळ आहे.

तेत्सुरो


मात्सुमोतो, २४ नोव्हेंबर

फुमिए,

सोबत बारा तारखेचं पत्र आहे. वर तिकीट तेव्हाचंच आहे.

पाच दिवस ते दाराजवळच्या चपलांच्या कपाटावर पडून होतं. रोज बाहेर पडताना मी ते हातात घ्यायचो. एक दिवस पाऊस होता, म्हटलं भिजेल. एक दिवस वाटलं, आजारी माणसासमोर असलं काही वाचू नये. एक दिवस तर फक्त वाण्याकडे जायचं होतं आणि टपालपेटी उलट्या बाजूला होती. सतरा तारखेला मिहोचा फोन आला, बाबा गेले म्हणून. मी बूट घालत होतो, पत्र हातात होतं.

दहनानंतर अस्थी उचलताना आपण दोघं समोरासमोर आलो. नियमाप्रमाणे एकच हाड दोघांनी आपापल्या काड्यांच्या जोडीने धरून उचलायचं. माझ्या हातात एक काडी बांबूची होती, एक दुसऱ्या लाकडाची. तू हळूच म्हणालीस, "दादा, हात स्थिर ठेव. भोकं पाडणाऱ्याचे हात असे थरथरतात का?" एकोणीस वर्षांत तू मला पहिल्यांदा दादा म्हटलंस. त्या वेळी बोललो असतो तरी चाललं असतं. मी हाड कलशात ठेवलं आणि मागे सरकलो.

जेवणाच्या वेळी तू पलीकडच्या मावशींना सांगत होतीस ते मी ऐकलं. आदल्या संध्याकाळी त्याच्या हातून पाण्याचा पेला पडला. तू म्हणालीस, "डोळे कुठे असतात तुझे? अडतीस वर्षं झाली, सवय काही जात नाही." तो हसला. तू म्हणालीस, "मी त्याच्याशी शेवटचं हेच बोलले." मावशी म्हणाल्या, "जाऊ दे गं, नवराबायकोत चालायचंच." तू म्हणालीस, "चालायचंच. चूक त्याचीच होती ना."

तेव्हापासून मला अन्न गोड लागत नाही. गप्प राहिलो तर तो माझी चूक घेऊन त्या कलशात पडून राहणार. बोललो तर तू त्याला मारलेला एकेक टोमणा उलटा फिरून तुझ्याच अंगावर येणार, आणि माफी मागायला समोर तो नाही. पाच दिवस आधी टाकलं असतं, तर तू त्याच्या उशाशी बसून त्याला काहीतरी म्हणू शकली असतीस. त्यालाही ते ऐकायला मिळालं असतं. तेवढे पाच दिवस मी खाल्ले. अडतीस वर्षांचं मी एकवेळ देवाला सांगेन, पण या पाच दिवसांचं कुणाला सांगू?

तरी पाठवतो आहे. तुझ्यावर उपकार म्हणून नाही. खरं सांगायचं तर मला ते घरात ठेववत नाही. यातही मी माझंच बघतो आहे, हे मला कळतं.

तेत्सुरो


मात्सुमोतो, ९ डिसेंबर

फुमिए,

तुझा फोन आला तेव्हा मी फुरुहाता-सानांच्या गिटारीची भोकं बुजवत होतो. बांबूच वापरला. हाताला सरस लागला होता, त्यामुळे फोन उचलायला उशीर झाला.

तू विचारलंस, "तू बघितलं होतंस? खोडताना?"

मी हो म्हटलं.

"आणि कॉफी आणलीस."

हो म्हटलं.

तुझ्याकडे किटली वाजायला लागली होती, ती तू बंद करत नव्हतीस. मग म्हणालीस, "माझ्यासाठी केलं त्याने ते. आणि मी त्याला रस्ता ओलांडताना, भात वाढताना, पोरीसमोर, त्याच्या आईसमोर, चारचौघांत..."

थोड्या वेळाने अगदी साध्या आवाजात सांगितलंस, "शेवटचा आठवडाभर तो रोज विचारायचा, तेत्सुचं पत्र आलं का? मी म्हणायचे, नाही आलं, एवढं काय अडलंय त्या गिटारीवाचून? तो म्हणायचा, येईल, उद्या बघ."

फुमिए, मला वाटत होतं की त्याने विषय सोडून दिला असेल. तो वाट बघत होता. स्वतः सांगितलं असतं तर दोन मिनिटांचं काम होतं, पण त्याला ते माझ्याकडून यायला हवं होतं. शेवटपर्यंत साचा डाव्या खुंटीला लावून ठेवला त्याने, मी फक्त हात पुढे करायचा होता.

आज काम पुरं केलं. इथल्या मापाचा साचा घेतला, मागचं कोरलेलं माप तीनदा वाचलं आणि त्याच सहा जागी भोकं पाडली. टोकाकडची भोकं त्याच्या जुन्या काड्यांतून गेली. त्या इतक्या घट्ट बसल्या होत्या की दोनदा थांबावं लागलं. ब्रिज ठेवण्याआधी त्याच्या त्रिकोणाशेजारी मी माझा गोल काढला. दाबून काढला. मग ब्रिज ठेवला आणि सहा स्क्रू आवळले. आता ते कुणाला दिसणार नाही.

फुरुहाता-सानांनी दुकानातच तारा छेडल्या. "बघा, किती सोपं होतं," ते म्हणाले. "एवढ्यासाठी दोन महिने लावलेत?" जुना ब्रिज आणि गंजलेले सहा स्क्रू मी रीतीप्रमाणे पाकिटात घालून त्यांना परत दिले. उद्याच्या कार्यक्रमाला या म्हणाले. मी बघतो म्हटलं.

फोन ठेवताना तू म्हणालीस, "आता पत्रं पाठवू नकोस, दादा. वाचून दाखवायला घरात कुणी नाही."

म्हणून हे पाठवत नाही. चपलांच्या कपाटावर ठेवतो आहे.

तेत्सुरो